वाचणारं बोट

"ताई, तुम्ही आत्ता जे वाचलंत ते पानावर नाहीये," चष्मा म्हणाली, आणि तरीही मी वाक्य पुरं करूनच थांबले. इतक्या वर्षांची सवय. अर्धवट टाकलेलं वाक्य माझ्या घशात अडकून बसतं. "नाहीये म्हणजे काय?" मी म्हटलं. आवाज चढलेला माझा मलाच ऐकू आला. "म्हणजे अर्थ तोच आहे," ती चाचरत म्हणाली, "पण तुम्ही वाचलंत, नदी मैदानात आली की संथ होते. इथे आहे, मैदानात आल्यावर तिचं पात्र रुंद होत जातं." मी डाव्या हाताचं वाचायचं बोट मागे नेलं. ओळीच्या सुरुवातीपासून पुन्हा फिरवलं. नदी लागली, मैदान लागलं, आणि त्याच्यापुढे कागद कोरा होता. कोरा म्हणजे अगदी गुळगुळीत नाही, कुणीतरी वरून जाड चादर टाकावी आणि खाली काहीतरी आहे एवढंच कळावं, तसा. मी बोट दाबलं. आणखी दाबलं. दाबून ब्रेल वाचता येत नाही, हे मी लहान मुलांना शिकवलेलं आहे. उजव्या हाताचं बोट पुढे आणलं तेव्हा कुठे 'पात्र' हाताला लागलं, तेही एकेक ठिपका चाचपत, पहिलीतल्या पोरीसारखं. म्हणजे मी वाचत नव्हते. मी मनाने सांगत होते. नदी पुढे काय करणार ते मला ठाऊक होतं आणि मी तिला खुशाल पुढे नेलं होतं, त्याच आवाजात, स्वल्पविरामासकट.

ब्रेलच्या छापखान्यात आमचं काम असं असतं: ठिपके उठवलेला जाड कागद माझ्या बोटांखाली, डोळसांचं छापील पुस्तक समोर बसलेल्या बाईच्या हातात. मी मोठ्याने वाचायचं, तिने ताडून पाहायचं. चूक सापडली की पान परत यंत्रावर. समोर बसणारीला आम्ही सगळे चष्मा म्हणतो, आणि हे नाव तिचं तिनेच पाडून घेतलंय. "आपल्या दोघींत मिळून चार डोळे आहेत ताई, आणि चारही माझेच," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली, आणि मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून माणसं बघायला आली. बहुतेक डोळस माणसं माझ्यासमोर 'बघा' हा शब्दसुद्धा गिळतात. ही गिळत नाही. आताही तिने गिळलं नाही. फक्त आवाज खाली आणून विचारलं, "बोटाला काय झालंय?" मी हात टेबलाखाली घेतला. काय सांगणार? गिटार झालीय.

गिटार. हा शब्द उच्चारला की अजून माझं डोकं तापतं. ती माझ्या भाच्याची. तो शिकायला परदेशी गेला आणि ती पलंगाखाली राहिली. झाडू लागला की आतून हुंकारायची. वहिनी म्हणायची, विकून टाकू. एके दिवशी मी ती बाहेर ओढली, मांडीवर घेतली आणि तिच्या गळ्यावर हात ठेवला. सहा तारा, आडव्या धातूच्या पट्ट्या, सगळं बोटांना कळणारं, ओळींनी आखलेलं. मला वाटलं, हे तर माझंच काम आहे. बोटांचं काम! छापखान्यात माझ्याइतकं भरभर वाचणारं कोणी नाही. नवीन लोक आले की साहेब त्यांना माझ्या टेबलाशी आणून उभं करतात आणि म्हणतात, ऐका. मला त्याचा गर्व आहे. असू दे. माणसाला एखाद्या गोष्टीचा तरी असावा.

आणि दुसरं कारण होतं. ते सांगायला मला आवडत नाही, पण त्याच्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आंधळी मुलगी म्हटलं की लोकांना गाणं ऐकायचं असतं. देवाने एक काढून घेतलं की दुसरं देतो, असा या जगातल्या डोळसांचा पक्का हिशेब आहे. आमच्या शाळेत पाहुणे आले की आम्हाला रांगेत उभं करून गायला लावत, आणि पाहुणे रडत. मी बेसूर. कमीजास्त नाही, ठार बेसूर. गाण्याच्या बाईंनी वर्षभर प्रयत्न केले आणि मग हात टेकले. कार्यक्रमाच्या आधी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "तू बाळा, नुसतं तोंड हलव." मी हलवलं. दरवर्षी हलवलं. दोन्ही बाजूंच्या मुलींचा आवाज माझ्या कानांत शिरायचा आणि मी मधोमध, ओठ उघडत मिटत, आतून रिकामी. पाहुणे माझ्याही डोक्यावरून हात फिरवत, काय गोड आवाज आहे म्हणत. तेव्हापासून संगीत या गोष्टीचा मला जो संताप आहे तो आहेच, पण त्या संतापाच्या तळाशी एक गोष्ट होती आणि ती एवढ्या वर्षांत विरली नाही. एकदा, फक्त एकदा, माझ्यातून निघालेला खरा आवाज मला ऐकायचा होता. पाहुण्यांना नाही. मला.

गिटार शिकवणारे सर सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहतात. लाकडी जिना, वरच्या पायरीला एक खिळा उठलेला, आत ओल्या कपड्यांचा आणि जुन्या लाकडाचा वास. पहिल्या दिवशी ते फार खुशीत होते. "तुम्हा लोकांचा कान काय, जन्मतःच तयार असतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "माझा नाही." त्यांना तो विनय वाटला. मग त्यांनी दोन तारा छेडल्या आणि विचारलं, वरचा सूर कोणता. मी चुकीचं सांगितलं. त्यांनी पुन्हा छेडल्या. मी पुन्हा चुकले. तीनचार वेळा असं झाल्यावर ते गप्प झाले, आणि त्या गप्प होण्यात एका भल्या माणसाचा आंधळ्यांवरचा विश्वास उडताना मी स्पष्ट ऐकला. मला हसू आलं. पण त्यानंतर हसण्यासारखं काही उरलं नाही. बोटं! माझी बोटं, जी अर्धवट उठलेला ठिपकासुद्धा सोडत नाहीत, ती त्या गळ्यावर जाऊन माकडासारखी वागत. एका तारेवर ठेवलं की शेजारचीला चिकटणार. मधलं बोट वाकवावं तर करंगळी ताठ होऊन आकाशात. सर म्हणायचे, "दाबा, आणखी दाबा." आयुष्यभर मी दाबू नका असं शिकले, दाबू नका असं शिकवलं, हलकं, नुसतं वरून जायचं, कागदाला कळताही कामा नये. आणि इथे दाबा. दाबलं की तार मांसात रुतायची आणि आवाज यायचा तो पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटल्याचा. "थप्प होतंय," सर म्हणायचे. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं, असं मी एकदा फाडकन म्हटलं. ते बिचारे "हो हो" म्हणाले आणि चहा करायला उठले.

घरी वहिनीचं वेगळंच. "वन्सं, तिला जरा विश्रांती द्या, तिलाही जीव आहे," ती भाजी चिरता चिरता म्हणायची. दादा काहीच बोलायचा नाही, रेडिओ मोठा करायचा. मी दार लावून घ्यायचे आणि सीच्या कॉर्डवर, एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या त्या जुळणीवर, डोकं आपटायचे. त्यात तीन बोटं तीन तारांवर, तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत, आणि तर्जनी अशी काही मुडपून ठेवायची की खालची तार मोकळी राहिली पाहिजे. ती कधीच मोकळी राहायची नाही. बोटांची टोकं आधी लाल झाली असतील, मला काय माहीत, मला ती गरम लागायची. मग फोड आले, फुटले. सर म्हणाले, "आता घट्टे पडतील, मग दुखणार नाही. घट्टे पडले की समजा तुम्ही गिटारवाले झालात." मी खूश झाले. ही माझ्या मूर्खपणाची परिसीमा. इतकी वर्षं ज्या बोटाच्या टोकावर माझी शाळा, माझी नोकरी, वाचलेलं प्रत्येक पुस्तक उभं आहे, त्या टोकावर कातडीचा जाड थर चढतोय म्हणून मी अंगठ्याने तो चाचपून बघायचे, वाढतोय का, वाढतोय का. आणि एका सकाळी, कामावर निघायच्या आधी, पर्स खांद्याला लावलेली असताना, मी सहज कॉर्ड धरला आणि हात फिरवला आणि तो वाजला. सगळा. एकही तार थप्प न होता. लाकूड माझ्या छातीच्या हाडाला टेकलेलं होतं, त्यामुळे तो आवाज कानांच्या आधी मला हाडात लागला. मी उभ्याउभ्या रडले. वहिनी बाहेरून म्हणाली, "झालं का? डबा घ्या." त्याच दिवशी नदीचं पात्र माझ्या बोटाखालून निसटलं.

चष्माने कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस ती माझं वाचणं हळू करत राहिली, "ताई, ते पुन्हा एकदा म्हणा ना," असं स्वतःला नीट ऐकू आलं नाही अशी बतावणी करत. मला तिची कीव सहन होईना. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा काहीतरी मनाने घातलं. घालायचं नाही असं ठरवूनही घातलं. बोट अडलं की जीभ पुढे धावतेच. डोळसांच्या पुस्तकात चूक राहिली तर पोराच्या मागून कोणीतरी वाकून सांगतं, अरे असं नाही. आमच्या पोरांच्या मागून कोण वाकणार? मी चुकीचं पान सोडलं तर ते कायमचं सुटलं. म्हणून मीच साहेबांकडे गेले आणि सांगितलं, माझ्या बोटावर घट्टा पडलाय, वाचता येत नाही. "घट्टा? कशाने?" मला खोटं सुचलं असतं तर बरं झालं असतं. "गिटार शिकतेय," मी म्हटलं. मग साहेबांची खुर्ची करकरली आणि ते आनंदाने जवळजवळ ओरडलेच, "अरे वा! मग हे आधी नाही का सांगायचं! वार्षिक कार्यक्रमाला वाजवायचं तुम्ही. पाहुणे येतात, देणगीदार येतात. आपल्याच संस्थेतली बाई गिटार वाजवते म्हटल्यावर..." मी म्हटलं, "साहेब, मला वाचता येत नाहीये." "होईल हो ते. तोवर फोनवर बसा. बोटालाही आराम." ते इतक्या प्रेमाने बोलत होते की मला टेबलावरचं काहीतरी उचलून फेकावंसं वाटलं.

फोनवर बसणं म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आंधळ्या माणसाचं काय करायचं हे कळलं नाही की त्याला फोनवर बसवतात. माझ्या आधीचे एक जुने वाचक थोडे दिवस म्हणून त्या खुर्चीवर बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. खुर्चीच्या हाताला त्यांच्या बोटांनी पडलेली खाच होती. मी तिच्यात बोट घालून बसायचे आणि "नमस्कार, बोला" म्हणायचे. मागच्या खोलीतून वाचनाचा आवाज यायचा, दुसऱ्या एका वाचकाचा, सावकाश, सुरात, आणि मध्येच चष्माचं "हं, बरोबर". ते बरोबर मला जाळायचं. फोन करणारे विचारायचे, कार्यक्रम कधी आहे, यंदा नवीन कोण गाणारंय? आणि साहेब जाता येता म्हणायचे, "काय, सराव चालू आहे ना?" मला फोनवर ढकलून सगळे कसे सुखी झाले होते! मी वाचत होते तेव्हा मी एक कामाची बाई होते, नाकावर राग असलेली. आता वाजवू लागणार म्हटल्यावर एकदम त्यांना हवी तशी आंधळी झाले होते. शाळेत तोंड हलवायला लावलं, आता हात हलवा.

"दोन्ही कसं चालेल वन्सं, एक काहीतरी धरा," वहिनी म्हणाली. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात माझा हात बुडवून ती बोटाच्या टोकाला तेल चोळायची. बोलणं तिखट असलं तरी तिचा हात फार मऊ आहे. "गिटार सोडा म्हणजे झालं. तुम्हाला काय मोठी गायिका व्हायचंय?" तिचं बरोबर होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं. मी तिच्याशी भांडले, मग दादाशी, रेडिओवरून. आठवडाभर गिटारला हात लावला नाही. घट्टा खरखरीत झाला, त्याचे पापुद्रे निघू लागले, मी ते कुरतडायचे. आणि या काळात ती एक सकाळ माझ्या छातीच्या हाडात जशीच्या तशी होती. माझ्याकडे आयुष्यात फक्त दोन गोष्टी अशा होत्या ज्या कोणी दया म्हणून दिल्या नव्हत्या, आणि त्या दोघींना एकच बोट हवं होतं. मला रडू येत नव्हतं. नुसती चीड. कोणावर, तेही धड कळत नव्हतं.

त्या चिडीतच मी जिना चढून सरांकडे गेले. "उलटी धरा," ते म्हणाले. "तारा उलट्या लावून देतो, उजव्या हाताने दाबा." मी धरून पाहिली. ती माझी गिटारच वाटेना. डाव्या हाताला जेवढं कळलं होतं त्यातलं एक अक्षरही उजव्याला माहीत नव्हतं. "पुन्हा पहिल्यापासून," सर म्हणाले. "मऊ तारांनीही घट्टे पडतातच, जरा उशिरा. काहीतरी द्यावं लागतं हो." हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. सगळे देवाचे हिशेबनीस! मी गिटार पुन्हा सुलटी केली, सीचा कॉर्ड धरला, आणि तर्जनी उचलून वर ठेवली. नुसती दोन बोटं तारांवर, एक हवेत. हात फिरवला. थप्प झालं नाही. वाजलं, पण ते सी नव्हतं. आत काहीतरी उघडं राहिलेलं, दार नीट न लावल्यासारखं. सर म्हणाले, "बोट विसरलात." मी म्हटलं, "विसरले नाही. ते वाचायचं बोट आहे." त्यांनी तसंच स्वतः वाजवून पाहिलं. मग म्हणाले, "हा वेगळा कॉर्ड होतो. चूक नाही म्हणता येणार. पण गाणं यावर येऊन थांबत नाही ताई, लटकत राहतं." "राहू दे." "काही कॉर्ड असे येणारच नाहीत." "नाही आले तर नाही." "आणि ती करंगळी. तिला सगळं काम करावं लागेल." "करेल. आतापर्यंत फुकटच बसून होती," मी म्हटलं. ते हसले आणि चहा करायला उठले नाहीत, एवढंच. करंगळीने मात्र त्या दिवशी माझा जीव काढला. बोट हवेत ठेवणं हे दाबण्यापेक्षा कठीण असतं, ते सारखं खाली यायला बघतं. घरी मी त्याला चिंधी बांधून बसू लागले, चुकून तारेला लागू नये म्हणून. वहिनी म्हणाली, कोणाला दाखवताय बोट?

कातडी उतरायला वेळ लागला. एका सकाळी आंघोळीनंतर टॉवेलचे दोरे टोकाला वेगवेगळे लागले, आणि मी तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, मला पान द्या. "अहो, घाई काय आहे? कार्यक्रम तोंडावर आलाय, तुम्ही सरावावर—" "मी कार्यक्रमात वाजवणार नाही. मला पान द्या. चुकले तर स्वतःहून फोनवर जाऊन बसेन आणि पुन्हा मागणार नाही." हे मी कशाच्या जोरावर बोलले कोण जाणे. ते वाचनाच्या खोलीत आले, त्यांचे बूट माझ्या मागे येऊन थांबले. चष्मा समोर बसली. कागद माझ्यासमोर सरकवला गेला, नुकताच यंत्रावरून आलेला, जरा उबदार. मी बोट ठेवलं. ठिपके होते. पूर्वीसारखे धारदार नाहीत, पण होते. मी वाचू लागले आणि माझा आवाज मला ओळखू येईना, इतका हळू. शब्द. थांबणं. शब्द. "बरोबर," चष्मा म्हणायची. मागे साहेब पायावरचा भार बदलत होते. पुढचं वाक्य काय असणार ते मला कळत होतं, विहिरीबद्दल होतं ते, विहिरीच्या पाण्याला तळाशी झरे असतात वगैरे. जीभ पुढे धावत होती आणि मी तिला दातांखाली धरून ठेवली होती. एके ठिकाणी मी अडले. दोनतीनदा बोट फिरवलं. "हा शब्द मला लागत नाही," मी म्हटलं. मी त्या शब्दाला सोडून पुढे गेले. लाजेने माझे कान तापले होते. ज्या टेबलाशी नवीन लोकांना आणून ऐकवायचे, तिथे मी अडखळत होते.

पानाच्या खालच्या भागात आले. "उन्हाळ्यात पाणी खाली जातं," मी वाचलं, "तेव्हा..." आणि बोटाखाली काही नव्हतं. मी ओळ धरून पुढे गेले. काही नाही. आणखी पुढे. गुळगुळीत कागद, थेट कडेपर्यंत. चादर नव्हती, खाली काही असल्याचा भासही नव्हता, पण भीतीला हे कुठे कळतं? तेव्हा काय होतं ते मला माहीत होतं. तेव्हा झरे दिसतात, तेव्हा बायका वाकून पाणी काढतात, काहीतरी असंच. सांगून टाकलं असतं तर चष्माने मान डोलावली असती, कदाचित अर्थ तोच म्हणून सोडूनही दिलं असतं तिने, माझ्यासाठी. "इथे काही नाही," मी म्हटलं.

मागे साहेबांनी श्वास सोडला. "असू दे ताई," ते म्हणाले, फार मऊ आवाजात, "झालं तेवढं पुष्कळ झालं." त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, अगदी गाण्याच्या बाईंचा यायचा तिथेच. मी बोट उचललं नाही. "'तेव्हा'च्या पुढे," मी पुन्हा म्हटलं, "कडेपर्यंत काही नाही." चष्माची खुर्ची मागे सरकली. ती टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली, वाकली. तिचे केस माझ्या गालाला लागले, आणि तिचं बोट माझ्या बोटाशेजारी कागदावर येऊन टेकलं. तिने कागद उचलून खिडकीकडे तिरपा धरला असावा, कारण तो माझ्या हाताखालून जाऊन परत आला.

"साहेब," ती म्हणाली, "इथे खरंच काही नाहीये. पुस्तकात अख्खी ओळ आहे. यंत्राने खाल्लीय."

खांद्यावरचा हात तसाच राहिला, मग निघाला. कुणीतरी यंत्राच्या खोलीकडे हाक मारली. मला हसायचं होतं, ओरडायचं होतं, कुणाला तरी चांगलं झापायचं होतं. यातलं काहीच झालं नाही. मी हात कागदावर सपाट ठेवला, तर्जनी त्या कोऱ्या जागेच्या अलीकडे, 'तेव्हा'वर.

"आणि मघाचा शब्द?" मी विचारलं. "जो मला लागला नाही तो?"

"तो आहे, ताई," चष्मा म्हणाली. "तो तुमच्याच बोटाखालून सुटला."

"मग तिथून परत घेते," मी म्हटलं, आणि बोट मागे नेलं.